फॉकलंडच्या लोकांना विचारलं, मग चागोसच्या लोकांना का नाही?

सातारची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी ज्युनियर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. परवा अकरावीला स्वयंनिर्णयाचा हक्क घेत होते आणि उदाहरण म्हणून फॉकलंड बेटं सांगितली. म्हणजे बघा, दक्षिण अटलांटिकमधली बेटं, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साधारण ५०० किमी आणि ब्रिटनपासून १२,००० किमीच्या वर, दोघंही म्हणतात आमची, १९८२ मध्ये त्यावरून युद्ध झालं, आणि मार्च २०१३ मध्ये तिथल्या लोकांनाच विचारलं की बाबांनो तुम्हाला ब्रिटनचा प्रदेश म्हणूनच राहायचंय का, तर १,५१७ मतं पडली, त्यातली १,५१३ 'हो' आणि फक्त ३ 'नाही'. आकडे फळ्यावर लिहिले, पोरं खूश.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, मॅडम मग दिएगो गार्सियाच्या लोकांना कधी विचारलं? दिएगो गार्सिया म्हणजे हिंद महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस बेटांपैकी एक, तिचे वडील नेव्हीत आहेत म्हणून तिला नाव माहीत. मी म्हटलं अगं तिथे लोक राहत नाहीत, अमेरिकेचा तळ आहे. तर म्हणाली, होते ना मॅडम, त्यांना काढलं.

घंटा झाली, तास संपला, पण मला काही चैन पडेना. इतकी वर्षं शिकवतेय आणि कन्याकुमारीपासून १,८०० किमीवर असलेल्या बेटांबद्दल मी वर्गात चुकीचं सांगितलं. घरी येऊन वाचायला बसले तर डोकं भणभणलं. दोन्हीकडे ब्रिटनच, मग एका ठिकाणी लोकांचं मत सर्वात वर आणि दुसरीकडे लोकांनाच बोटीत घालून बाहेर? हा हक्क नक्की कुणाचा असतो, जमिनीच्या मालकाचा की तिथे राहणाऱ्याचा? आणि राहणाऱ्याला हाकलून दिलं की तो हक्क संपतो का? सोमवारी परत वर्गात जायचंय, नीट उत्तर घेऊन जायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

दर्यावर्दी_गुहागर

मॅडम, कायद्याचं मला कळत नाही पण फॉकलंड मी पाहिलंय. रीफर जहाजावर सेकंड इंजिनिअर होतो, रीफर म्हणजे गोठवलेला माल नेणारं जहाज. फॉकलंडची राजधानी स्टॅनली, तिच्या उत्तरेला बर्कली साउंड म्हणून खाडी आहे तिथे आम्ही नांगर टाकायचो आणि तैवान-कोरियाच्या बोटी आमच्या अंगाला लागून माल चढवायच्या. माल कसला तर म्हाकूल, म्हणजे स्क्विड. आपल्याकडे टोपलीत चार म्हाकूल दिसले तर आम्ही खूश, तिथे गोठवलेल्या लाद्यांच्या पेट्याच्या पेट्या, दिवसरात्र क्रेन चालू. रात्री बाहेर समुद्रात त्या बोटींचे दिवे लागायचे, म्हाकूल उजेडाला येतं म्हणून एकेका बोटीवर बल्बच्या माळाच्या माळा, क्षितिजावर एखादं शहर पेटल्यासारखं वाटायचं. वारा असा की डेकवर बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं.

हे मुद्दाम सांगतोय कारण या म्हाकुलानेच त्या बेटांचं नशीब पालटलं. आधी सगळं मेंढ्यांच्या लोकरीवर चालायचं. १९८६ मध्ये भोवती १५० सागरी मैलांचं मासेमारी क्षेत्र जाहीर केलं, पुढच्या वर्षापासून परदेशी बोटींकडून लायसन्सची फी घ्यायला लागले आणि त्या पैशावर शाळा, हॉस्पिटल, रस्ते झाले. संरक्षण आणि परराष्ट्र खातं सोडलं तर आता ते आपलं आपण बघतात, ८ जणांची निवडून आलेली असेंब्ली आहे.

एकदा स्टॅनलीला शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी मिळाली. पत्र्याची रंगीत छपरं, चर्चशेजारी देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान, जिकडे बघाल तिकडे लँड रोव्हर. खलाशांना चहा मिळतो अशा एका जागी साठीच्या आसपासची एक बाई भेटली. आपल्याकडे गावाबाहेर 'रानात' म्हणतात ना तसं ते स्टॅनलीच्या बाहेरच्या सगळ्या मुलखाला 'कॅम्प' म्हणतात, ही कॅम्पमधली, गूज ग्रीनची. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने तिथल्या ११४ जणांना, अगदी तान्ह्या पोरांसकट, गावच्या हॉलमध्ये जवळजवळ महिनाभर कोंडून ठेवलं होतं, त्यात ही होती. मी बावळटासारखा विचारलं की तुम्ही मूळच्या इंग्लंडच्या कुठल्या? तर जरा गप्प झाली आणि म्हणाली, आमच्या सात पिढ्या इथल्या, इंग्लंडला मी दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा घरी कधी जाते असं झालं होतं. ते 'घरी' मला अजून आठवतं. मी पण सहा-सहा महिने समुद्रावर असायचो, घरी म्हणजे काय ते कळतं.

वकीलसाहेब_नाशिक

मॅडम, प्रश्न एकदम योग्य जागी बोट ठेवणारा आहे, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

सगळ्याच्या मुळाशी १९६० चा युनोच्या महासभेचा १५१४ नंबरचा ठराव आहे, वसाहती मोकळ्या करण्याचा. त्यात दुसऱ्या परिच्छेदात म्हटलंय की सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, आणि सहाव्यात म्हटलंय की देशाची प्रादेशिक अखंडता मोडता कामा नये. आता भांडण इथेच आहे. फॉकलंडवाले दुसरा परिच्छेद दाखवतात, अर्जेंटिना सहावा. चागोसमध्ये मॉरिशस सहावा दाखवतं.

आता हे वर्गात जरूर सांगा. १६ डिसेंबर १९६५, एकाच दिवशी महासभेने लागोपाठ दोन ठराव केले. २०६५ फॉकलंडचा, २०६६ मॉरिशसचा. २०६५ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिनाला सांगितलं की वाटाघाटी करा आणि तिथल्या लोकांचं 'हित' लक्षात घ्या. इच्छा नाही म्हटलं, हित म्हटलं. हा शब्द अर्जेंटिना आजही घट्ट धरून आहे, कारण हित काय ते तिसरा माणूसही ठरवू शकतो, इच्छा मात्र त्यालाच विचारावी लागते. आपल्याकडे पोरीचं लग्न ठरवताना 'तिच्या भल्यासाठीच' म्हणायचे ना, तसंच. आणि २०६६ मध्ये ब्रिटनला बजावलं की मॉरिशसचे तुकडे करू नका. तोवर ८ नोव्हेंबरला तुकडा पडून गेला होता! चागोस वेगळं काढून 'ब्रिटिश हिंद महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत केली आणि त्याबद्दल मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. मॉरिशस स्वतंत्र झालं १२ मार्च १९६८ ला, म्हणजे चागोस तोडायला संमती देणारे मॉरिशसचे नेते तेव्हा ब्रिटनच्याच अमलाखाली होते. त्या संमतीला संमती म्हणायचं का हाच पुढे हेगच्या कोर्टापुढचा प्रश्न झाला.

आणि ब्रिटनला फॉकलंडबाबत फार तत्त्वनिष्ठ समजू नका. १९८० मध्ये त्यांचा मंत्री निकोलस रिडली स्टॅनलीला जाऊन सांगत होता की मालकी अर्जेंटिनाला देऊ आणि बेटं भाड्याने परत घेऊ, लोकांनी त्याला हुर्यो करून परत पाठवलं. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने तर बऱ्याच बेटवासीयांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वच काढून घेतलं होतं, ते परत मिळालं १९८३ मध्ये, युद्धानंतर. लोकांची इच्छा सर्वात वर, हे ब्रिटनला रक्त सांडल्यावर सुचलं.

पाताळगंगा

एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. कंपनीच्या कामाने दोन वर्षं बुएनोस आयरेसला होतो. तिथे बसवर, स्टेशनवर, हायवेच्या कडेला सगळीकडे पाट्या, 'लास माल्विनास सोन अर्खेंतिनास', माल्विनास अर्जेंटिनाचीच. फॉकलंडला ते माल्विनास म्हणतात. पहिल्यांदा वाटलं सरकारी प्रचार आहे, पण आमचा घरमालक १९८२ मध्ये सक्तीच्या भरतीतला शिपाई होता, १९ वर्षांचा, उत्तरेकडच्या गरम प्रांतातला, त्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. दरवर्षी २ एप्रिलला सुट्टी असते, तो त्या दिवशी कुणाशी बोलायचा नाही. अर्जेंटिनाचे ६४९ मेले, त्यातले ३२३ एकट्या बेल्ग्रानो जहाजावरचे. ब्रिटनचे २५५. आणि बेटावरच्या ३ बायका. फॉकलंडवरच्या डार्विन गावच्या दफनभूमीत कित्येक थडग्यांवर नावच नव्हतं, 'फक्त देवाला ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक' एवढंच. २०१७ पासून रेड क्रॉसने डीएनए तपासून शंभरावर पोरांची ओळख पटवली, म्हणजे आयांना ३५ वर्षांनी कळलं आपलं लेकरू कुठे आहे.

त्यांचं म्हणणं असं की स्पेनकडून वारसाने बेटं आमच्याकडे आली, १८२० च्या दशकात आमची वस्ती होती, जानेवारी १८३३ मध्ये ब्रिटनचं क्लिओ जहाज आलं आणि आमचा झेंडा उतरवायला लावला. मग ज्याने जागा बळकावली त्यानेच आपली माणसं आणून वसवली आणि आता त्याच माणसांना विचारतोय की कुणाकडे राहायचं, हे कसलं सार्वमत? मॅडम, हा मुद्दा वर्गात गाळू नका. मला तो पूर्ण पटत नाही, पण ऐकल्यावर दोन रात्री डोक्यात होता.

वकीलसाहेब_नाशिक

@पाताळगंगा, मुद्दा रास्त आहे आणि थडग्यांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. पण तो नियम लावायचा तर सगळीकडे लावावा लागेल. खुद्द अर्जेंटिनाने पॅटागोनिया जिंकला तो १८७० च्या दशकाच्या शेवटापासून, तिथल्या मापुचे आणि तेवेल्चे लोकांना मारून, हाकलून. म्हणजे स्टॅनलीतली काही घराणी पॅटागोनियातल्या कित्येक अर्जेंटिनी गावांपेक्षा जुनी आहेत. किती पिढ्या गेल्या की माणूस तिथला होतो? सात पिढ्या पुरत नसतील तर मग किती? आणि फॉकलंडला १८३३ आधी आदिवासी लोकवस्ती नव्हती, कुणा मूळ जमातीला उठवून ही वस्ती झालेली नाही. माझ्या मते तिथे आजच्या माणसाला विचारणं हेच बरोबर, भले विचारणाऱ्याचा हेतू स्वच्छ नसेल.

क्रॉलीकर

उशिरा लिहितोय, नाइट शिफ्ट होती. मी इंग्लंडमध्ये क्रॉलीला राहतो, गॅटविक विमानतळाच्या बाजूचं गाव, चागोसच्या बाहेर चागोसवासीयांची सर्वात मोठी वस्ती मॉरिशसनंतर बहुतेक इथलीच. २००२ च्या कायद्याने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, विमानाने आले आणि जिथे उतरले तिथेच राहिले. माझ्याबरोबर कामाला एक बाई आहे, तिची आई पेरोस बन्योसची, चागोसमधलंच बेट. वर मॅडमनी लिहिलंय 'लोकांना बोटीत घालून', ते कसं झालं ते मी तिच्याकडून तुकड्यातुकड्याने ऐकलंय.

एका दिवसात नाही काढलं. आधी काय केलं, जे कोणी दवाखान्याला, नातेवाइकांकडे म्हणून मॉरिशसला गेले होते ते १९६८ पासून परतीच्या बोटीसाठी बंदरावर गेले की त्यांना सांगायचे, बेटं विकली, आता बोट नाही. बास. कपड्यांच्या एका बोचक्यानिशी आलेली माणसं तिथेच राहिली. मग बेटांवर धान्य आणि औषधं कमी येऊ लागली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं. त्याआधी लोकांचे कुत्रे मारले. नारळाचे मळे होते ना तिथे, बायका दिवसभर नारळाच्या वाट्यांतून खोबरं काढायच्या, ते वाळवायची शेड असायची, त्याच शेडमध्ये कुत्रे कोंडून गाड्यांचा धूर सोडला. पोरं बाहेर ऐकत उभी. १९७३ पर्यंत चागोसमधलीच पेरोस बन्योस आणि सालोमनही रिकामी. नॉर्डवेअर नावाच्या बोटीत खोबऱ्याच्या पोत्यांवर माणसं झोपवून आणली. दीड-दोन हजार माणसं. फॉकलंडची वस्ती तेव्हा १,८०० च्या आसपास होती, म्हणजे जवळपास तेवढीच.

कागदावर काय दाखवलं, तर हे तिथले रहिवासी नाहीतच, कंत्राटावरचे तात्पुरते मजूर आहेत. कारण रहिवासी म्हटलं की युनोला हिशेब द्यावा लागतो. १९६६ च्या सरकारी टिपणात त्यांना 'काही टारझन किंवा मॅन फ्रायडे' (रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला नोकर) म्हटलंय, हा कागद पुढे कोर्टात बाहेर आला. मळ्यावरच्या दफनभूमीत त्यांच्या पणज्यांची थडगी आहेत, अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी गुलाम म्हणून आणलेली माणसं ती, नंतर काही आपल्याकडच्या दक्षिणेतले मजूरही गेले.

आता तारीख बघा. १९८२. त्याच वर्षी ब्रिटनने फॉकलंडच्या लोकांच्या हक्कासाठी आरमार पाठवलं आणि त्याच वर्षी चागोसवाल्यांसाठी ४० लाख पौंडांची भरपाई ठरवली. पैसे घेताना कागदावर अंगठा घेतला, कागद इंग्रजीत, बायकांना फक्त क्रिओल यायचं, आणि त्यात लिहिलेलं की परत जायचा हक्क सोडला. माझ्या सहकारिणीची आई म्हणायची मी पैशाची पावती समजून अंगठा दिला. त्या पैशातून मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या. हे सांगताना ती सामान ट्रॉलीवर लावत होती, हात थांबले नाहीत, पण एक बॅग तिने दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली.

मडगांवचें_चेडूं

मी गोव्याची, मराठीत लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

हे सगळं वाचताना मला आमचा ओपिनियन पोल आठवला. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं, फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं. आमच्या घरात आजोबा फुलाकडचे आणि आजी दोन पानांकडची, त्या दिवसांत घरात दोन चुली नव्हत्या एवढंच. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याला, १,३८,१७० विलीनीकरणाला. बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी, मतदानाआधी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिलेला, तरी निकाल मानला.

मला सांगायचं आहे ते मतदारयादीबद्दल. त्या वेळी वेगळं राहण्याच्या बाजूच्या जॅक सिक्वेरांच्या पक्षाची मागणी होती की मुंबईत, बाहेर असलेल्या गोवेकरांनाही मत द्या. ती मान्य झाली नाही, जो गोव्यात राहतो त्यालाच मत. आमच्याकडे ते चाललं, कारण बाहेर गेलेले आपल्या पायाने गेले होते, बस धरून परत येऊ शकत होते. चागोसला हाच नियम लावला तर मतदार शून्य! बेट रिकामं केलं की विचारायला कुणी उरतच नाही. म्हणून मॅडमच्या त्या मुलीला माझं उत्तर, हक्क हाकलून दिल्याने संपत असेल तर प्रत्येक सरकार हाकलूनच देईल.

सातारची_मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रॉलीकर, तुमचं वाचून थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवला.

एक राहिलंच, आता स्थिती काय आहे? हेगच्या कोर्टाचं काय झालं? आणि करार झाला असं ऐकलं, मग लोक परत जाणार का?

वकीलसाहेब_नाशिक

२५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मत दिलं की मॉरिशस स्वतंत्र होताना चागोस तोडणं कायदेशीर नव्हतं आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर ताबा सोडावा. त्या १३ मध्ये आपले दलवीर भंडारी होते. हे मत सल्लावजा, बंधनकारक नाही. मग २२ मे २०१९ ला महासभेत ११६ विरुद्ध ६ असा ठराव झाला, भारत मॉरिशसच्या बाजूने. बरोबर सहा वर्षांनी, २२ मे २०२५ ला, ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. करारानुसार मालकी मॉरिशसची, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, म्हणजे तळ तसाच, भाडं सरासरी १० कोटी १० लाख पौंड वर्षाला. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा ट्रस्ट. मॉरिशस बाकीच्या बेटांवर लोक वसवू शकतं, दिएगो गार्सियावर नाही.

वसाहत मोडली पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य. पण टेबलाच्या एका बाजूला ब्रिटन, दुसऱ्या बाजूला मॉरिशस, आणि ज्यांचं घर ते दाराबाहेर. १९६५ ला पण असंच होतं. सार्वमत नाहीच. कोर्टाने अखंडता बघितली, ती मॉरिशसच्या सगळ्या जनतेची. चागोसवासी हा स्वतंत्र 'लोकसमूह' आहे का, हा प्रश्न उभाच राहिला.

दर्यावर्दी_गुहागर

विचारलं तर ते काय म्हणतील? एकमत आहे का त्यांच्यात?

क्रॉलीकर

नाही काका, अजिबात नाही. मॉरिशसमध्ये ऑलिव्हिए बँकूल्टांची संघटना आहे, त्यांनी २००० साली लंडनच्या कोर्टात परतीची केस जिंकली होती, २००४ मध्ये सरकारने राणीच्या हुकुमाने तो निकाल निकामी केला आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टात, ३ विरुद्ध २ ने ते हरले. ते मॉरिशसबरोबर आहेत, करार झाल्याचा त्यांना आनंद आहे. इथे क्रॉलीत बरेच जण कराराच्या विरोधात, म्हणतात आम्हाला ब्रिटिशच राहू द्या, मॉरिशसने आम्हाला कधी आपलं मानलं नाही. माझी सहकारीण कराराच्या विरोधात आणि तिचा सख्खा भाऊ पोर्ट लुईला, तो बाजूने, फोनवर दोघं भांडतात. पण गोव्यात पण घरात फूल आणि पानं होतीच की, तरी मत घेतलंच ना.

आणि मतदारयादी कशी करणार म्हणणाऱ्यांना एक सांगतो. २०२२ च्या कायद्याने चागोसमध्ये जन्मलेल्यांच्या वंशजांना ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, मुदत २०२७ पर्यंत. म्हणजे कोण कुणाचा वंशज हे ब्रिटिश सरकार आजच तपासतंय, कागद मागतंय, जुने जन्मदाखले बघतंय. माझ्या सहकारिणीच्या मोठ्या मुलीचा फॉर्म भरायला मी बसलो होतो, कॅन्टीनमध्ये, ब्रेकमध्ये. आजीचं नाव लिहिलं, मग आजीचं जन्मस्थळ. मुलगी म्हणाली स्पेलिंग सांगा, तर तिच्या आईने पेन तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं, पेरोस बन्योस.